सेंट पॉलचे कॉलेज : एका विद्यापीठाची कुळकथा

बऱ्हाणपूर आणि असीरगड हा तापीकाठचा पट्टा इतिहासाच्या पुस्तकात येतो तो अकबराच्या शेवटच्या मोठ्या मोहिमेमुळे. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड त्याच्या हाती आला. मात्र या मोहिमेत बादशहाच्या छावणीत दोन जेझुइट, म्हणजे कॅथलिक 'येशूसंघा'चे दोन सदस्य, होते, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. एक स्पेनमधल्या नव्हाराचा जेरोम झेवियर, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला पुढच्या पिढीतला पुरुष. दुसरा अझोर्स बेटांवरचा बेंतो द गोइश, पूर्वीचा शिपाई. गड पडल्यावर त्याच साली अकबराचा वकील बऱ्हाणपुराहून गोव्याला निघाला, तेव्हा गोइश त्याच्याबरोबर गेला. पुढे हाच गोइश लाहोर, काबूल, यारकंद अशी मजल मारत चीनच्या सरहद्दीपर्यंत पोहोचला आणि १६०७ साली तिथेच वारला. युरोपी लोक ज्याला 'कॅथे' म्हणत तो देश म्हणजेच चीन, हे खुष्कीच्या मार्गाने जाऊन पडताळणारा तो पहिला युरोपी.

ही माणसे ज्या घरातून आली ते घर म्हणजे गोव्याचे सेंट पॉलचे कॉलेज. हिंदुस्थानात जेझुइटांना 'पावलिस्त' म्हणत, ते या कॉलेजमुळेच. या देशातल्या कॅथलिक उच्च शिक्षणाचे मूळ शोधायला निघालो की वाट तिथेच जाऊन थांबते.

त्या मुळाशी जे आहे ते टाळून पुढे जाता येणार नाही. १५४० च्या सुमारास गोव्यातल्या तिसवाडी बेटावरची देवळे पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे व नव्या धर्मसंघाकडे वळवण्यात आले. मिगेल व्हाझ आणि दियोगु द बोर्बा यांनी १५४१ मध्ये स्थापलेल्या या संघाने पूर्वेकडच्या मुलांना शिकवून पाद्री आणि दुभाषी करण्यासाठी शाळा काढली. ती चालली याच पैशावर. गावकऱ्यांच्या देवाची जमीन विद्येच्या खर्चाला लागली, पण ती विद्या गावकऱ्यांनी मागितलेली नव्हती. या संस्थेबद्दल मला कितीही आदर वाटला तरी हा हिशेब विसरून तिची कुळकथा सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि काही वर्षांत कॉलेज जेझुइटांकडे आले. त्याचे खरे वैभव कळते ते विद्यार्थ्यांकडे पाहिल्यावर. कोकणी, मल्याळी, बंगाली, ब्रह्मदेशातल्या पेगूची, चिनी, हबशी अशी मुले एका छपराखाली राहत होती. कागोशिमाचा आंजिरो इथे शिकला, १५४८ साली ख्रिस्ती होऊन त्याने पावलु द सांता फे हे नाव घेतले आणि पुढच्याच वर्षी झेवियरला जपानची वाट दाखवली. व्याकरण, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र असे चढते वर्ग होते. विद्यार्थ्याने आपली प्रमेये भरसभेत मांडायची आणि आक्षेपांना तोंड द्यायचे, ही युरोपातल्या विद्यापीठांची रीत इथेही होती. नावाने कॉलेज, पण कामाने ते विद्यापीठच होते.

६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात छापखाना उतरला. तो खरे तर अबिसिनियाला जायचा होता, पण इथेच राहिला आणि कॉलेजात उभारला गेला. भारतातला हा पहिला छापखाना. त्यावर सर्वांत आधी काय छापले? विद्यार्थ्यांनी वादसभेत मांडायची प्रमेये! या देशातल्या छपाईची सुरुवात विद्यार्थ्यांच्या वादविवादाने झाली, याचा मला मनापासून आनंद होतो.

अकबराने १५७९ मध्ये गोव्याकडे विद्वान पाद्री मागितले, तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा रोडोल्फो अक्वाविवा फत्तेपूर सिक्रीला गेला. त्याच साली ऑक्टोबरमध्ये टॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात आला. मराठी माणसाचे या घराण्याशी जवळचे नाते जुळले ते त्याच्यामुळे. गोव्यातल्या साष्टीत, राशोलच्या बाजूला, त्याने आयुष्य काढले, इथल्या भाषा आत्मसात केल्या आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून घेतले. कोकणीचे त्याने लिहिलेले व्याकरण १६४० साली, त्याच्या मृत्यूनंतर, राशोलच्या कॉलेजात छापले गेले. धर्म बदलायला आलेला माणूस ओवीच्या छंदात रमला आणि मराठीला एक महाकाव्य देऊन गेला. माझ्या मते सेंट पॉलच्या साऱ्या पसाऱ्यात सर्वांत टिकाऊ काम हेच झाले, कारण इथे शिकवणारा आधी शिकला.

नंतर उतार लागला. जुन्या जागेत साथींनी माणसे मरू लागली म्हणून कॉलेज टेकडीवर हलले. १६८४ मध्ये पोर्तुगीज विसरईने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या भाषांवर संस्था वाढली त्यांच्यावरच हा घाव होता. १७५९ साली पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या हुकुमाने जेझुइटांना धरून हद्दपार करण्यात आले आणि शाळा-पुस्तके दुसऱ्यांच्या हाती गेली. १८३२ मध्ये जुनी इमारत पाडली. आज जुन्या गोव्यात रस्त्याकडेला तिची कमान तेवढी उभी आहे.

मधल्या काळात पोपने बरखास्त केलेला जेझुइट संघ १८१४ मध्ये पुन्हा उभा राहिला. १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज निघाले. तिथे स्पॅनिश फादर हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. पण धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवून पदवी देणाऱ्या घराण्याचा धागा दुसरीकडे जुळतो. पोप लिओ तेरावे यांनी २४ जून १८९३ च्या पत्रात भारतातले पाद्री भारतीयच असावेत असा आग्रह धरला आणि त्याच साली श्रीलंकेत कँडीजवळ, जेझुइटांच्या हाती सोपवलेली पेपल सेमिनरी सुरू झाली. १९२६ मध्ये तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे भारत आणि श्रीलंका स्वतंत्र देश झाले, आणि १९५५ साली ही संस्था पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीला आली. 'ज्ञानदीप विद्यापीठ' हे नाव तिने तिथेच घेतले. शेजारचे जेझुइट निवासस्थान रॉबर्ट द नोबिलीच्या नावाचे आहे. नोबिली १६०५ मध्ये गोव्याला उतरला होता आणि पुढे मदुराईला संन्याशाच्या वेषात राहून तमीळ आणि संस्कृत शिकला.

ज्ञानदीपचा वर्ग इंग्रजीतून चालतो, कारण विद्यार्थी साऱ्या देशातून येतात. पण त्याच पुण्यात मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइटाने पेठेत 'स्नेहसदन' काढले, मराठीत भाषणे दिली आणि आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावर १९७६ साली एक पुस्तक लिहिले. ते लिहिण्यासाठी त्याला रानडे, टिळक, आगरकर वाचावे लागले, आणि इथल्या लोकांशी वर्षानुवर्षे बोलावे लागले.