हॉपकर्क आणि त्यांची छोटी मोटार

मोटारींच्या शर्यती दोन प्रकारच्या असतात. एकीत सर्व मोटारी बांधीव वर्तुळाकार मार्गावर एकदम सुटतात आणि जी आधी पोचेल ती जिंकते. दुसरीला रॅली म्हणतात. तीत मोटारी ठराविक अंतराने एकामागून एक निघतात. नेहमीच्या रस्त्यांवरून, घाटांतून, बर्फातून आणि धुळीतून शेकडो मैल जातात. त्यांची खरी स्पर्धा असते घड्याळाशी. अशा रॅलीत नाव मिळविलेल्या एका छोट्या मोटारीची आणि तिच्या सारथ्याची हकीकत आज सांगावयाची आहे. मोटार होती मिनी कूपर आणि सारथी होते पॅडी हॉपकर्क.

या मोटारीचा जन्म टंचाईत झाला. १९५६ साली सुवेझ कालव्याचा पेच उद्भवला आणि इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अ‍ॅलेक इसिगोनिस या आपल्या अभियंत्याकडे थोड्या पेट्रोलवर चालणारी लहान मोटार मागितली. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसविले, गिअरची पेटी त्याच्या खाली ठेवली आणि ओढण्याचे काम पुढच्या चाकांकडे दिले. त्यामुळे अवघ्या दहा फूट लांबीच्या मोटारीत चार माणसांना बसता येऊ लागले. १९५९ साली ही मिनी बाजारात आली. ती शर्यतीसाठी बांधलेली नव्हतीच. परंतु चारही चाके चार टोकांना असल्यामुळे वळणावर ती रस्त्याला घट्ट धरून राही. हा गुण जॉन कूपर यांनी हेरला, आणि त्यांच्या सल्ल्याने अधिक जोराचे इंजिन व अधिक चांगले ब्रेक घेऊन मिनी कूपर तयार झाली.

हॉपकर्क यांचा जन्म १९३३ साली बेलफास्ट येथे झाला. एका धर्मोपदेशकाने मृत्युपत्रान्वये त्यांना अपंगांसाठी असलेली एक छोटी इंजिनगाडी दिली होती. तीवर वयाच्या नवव्या वर्षी ते वाहन हाकावयास शिकले. आयर्लंडातील जेझुइट धर्मगुरूंच्या क्लाँगोज वुड विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. अक्षरे लावून वाचणे त्यांना जन्मतःच जड जाई. आम्हा शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वहीत मागे पडणारा मुलगा दुसऱ्या एखाद्या विद्येत सर्वांच्या पुढे असू शकतो.

जानेवारी १९६४ मध्ये मोंते कार्लोची रॅली झाली. युरोपातील निरनिराळ्या शहरांतून निघून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पोचावयाचे, असा तिचा रिवाज होता. हॉपकर्क आणि मार्ग सांगणारे त्यांचे सहकारी हेन्री लिडन हे रशियाकडील मिन्स्क येथून निघाले. मोटार तांबड्या रंगाची, छप्पर पांढरे, नंबर ३३ ईजेबी. इंजिन अवघे १०७१ घनसेंटिमीटरचे. उलट स्वीडनचे बो युंगफेल्ट यांच्या फोर्ड फाल्कनचे इंजिन सुमारे चौपट मोठे होते. सरळ चढावर फाल्कनचा वेग अधिक. परंतु इंजिनाच्या आकारमानानुसार गुणांचा हिशेब होई. शिवाय तुरिनीच्या घाटात, सुमारे १६०० मीटर उंचीवर, रात्रीच्या अंधारात बर्फावरून वळणे घेताना मिनीचा ठेंगणेपणाच तिच्या कामी आला. हॉपकर्क जिंकले. पंतप्रधान ॲलेक डग्लस-ह्यूम यांनी अभिनंदनाची तार पाठविली आणि इंग्लंडात घरोघर त्यांचे नाव झाले. पुढल्या वर्षी फिनलंडचे टिमो मॅकिनेन यांनी मिनीतूनच ही रॅली जिंकली.

१९६६ साली मात्र विपरीत घडले. मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि हॉपकर्क अशा तीन मिनी ओळीने पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. तपासनिसांनी मोटारींचे भाग तासन् तास खोलून पाहिले. अखेर समोरच्या दिव्यांतील बल्ब नियमात बसत नाहीत, एवढ्या कारणावरून तिन्ही मोटारी बाद ठरविण्यात आल्या. चौथी आलेली इंग्लिश फोर्ड मोटारही बाद झाली आणि पहिला मान एका फ्रेंच सित्रोएन मोटारीकडे गेला. इंग्लंडच्या वृत्तपत्रांत गहजब उडाला. १९६७ साली आल्टोनेन पुन्हा मिनी घेऊन गेले आणि जिंकून आले; त्याहून चांगले उत्तर दुसरे कोणते असणार?

याच्या पुढचा भाग आपल्या देशाशी संबंधित आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीला जाणारी एक प्रचंड रॅली निघाली. तिच्यात ९८ मोटारी होत्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबरखिंड आणि दिल्ली असा मार्ग आक्रमून डिसेंबरच्या आरंभी ७२ मोटारी मुंबईला पोचल्या, आणि तेथून ‘चुसान’ या आगबोटीने ऑस्ट्रेलियास रवाना झाल्या. या वेळी हॉपकर्क मिनीत नव्हते. तिचीच थोरली बहीण शोभेल अशी ऑस्टिन १८०० त्यांच्याकडे होती. आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षे धावलेली जुनी अँबॅसडर आणि ही ऑस्टिन यांची इंजिने एकाच कंपनीच्या एकाच घराण्यातली.

दर मिनिटाच्या उशिरास एक गुण कापला जाई. ऑस्ट्रेलियाच्या रानावनातून धावून शेवटच्या दिवशी बेल्जियमचे ल्युसियाँ बिआंकी आणि फ्रान्सचे झाँ-क्लोद ओझिए हे सर्वांच्या पुढे होते. मोटार होती सित्रोएन. सिडनी दीडएकशे किलोमीटरवर आले असता, नाउरा गावाच्या अलीकडे, समोरून आलेल्या एका मोटारीशी तिची टक्कर झाली. ती समोरची मोटार मिनी होती. बिआंकी जबर जखमी होऊन आत अडकले. तेवढ्यात हॉपकर्क, टोनी नॅश आणि अ‍ॅलेक पूल यांची ऑस्टिन तेथे पोचली. घड्याळ चालू होते. तिघांनी मोटार थांबविली आणि जखमींच्या मदतीस धावले.

पहिला क्रमांक स्कॉटलंडचे शेतकरी अँड्र्यू कोवन यांच्या साध्यासुध्या हिलमन हंटरला मिळाला. त्यांचे ५० गुण कापले गेले होते, हॉपकर्क यांचे ५६. म्हणजे अंतर अवघे सहा मिनिटांचे. न थांबते तर ते जिंकले असते काय? हा हिशेब आज कोणी खात्रीने मांडू शकणार नाही. आणि मांडण्याची गरजही नाही. मोटार थांबविताना त्यांनी तो मांडला नव्हता, हेच महत्त्वाचे. ज्या खेळात मिनिटामिनिटाला मोल असते, त्या खेळात त्यांनी ती मिनिटे न मोजता दिली. सुमारे तीन वर्षांपूर्वी मिनीच्या हातचा मान सित्रोएनकडे गेला होता. आता रस्त्यात पडलेली मोटार सित्रोएनच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कृत्याचे मोल अधिकच वाढते.

बिआंकी त्या अपघातातून वाचले; परंतु मार्च १९६९ मध्ये ल माँ येथे सराव करीत असता त्यांना मृत्यू आला. हॉपकर्क दीर्घायुषी ठरले आणि जुलै २०२२ मध्ये ८९ व्या वर्षी निवर्तले. त्यांची तांबडी मिनी इंग्लंडात गेडन येथील मोटार संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तिच्यावर लोक आजही प्रेम करतात, ते तिच्या वेगामुळे तर खरेच. तथापि मुलांना तिची गोष्ट सांगताना आपण तुरिनीच्या घाटापाशी थांबू नये. नाउऱ्याच्या रस्त्यापर्यंत जावे. पहिल्या ठिकाणी हॉपकर्क यांचे कौशल्य दिसते, दुसऱ्या ठिकाणी त्यांचा माणूसपणा. आणि विजेत्यांच्या यादीत नाव नसले तरी ज्याला आपण आदराने आठवावे, असा माणूस दुसऱ्याच ठिकाणी भेटतो.