कंड्यूट वाकवणे

वीजतारा ओवण्यासाठी भिंतीवर किंवा स्लॅबमध्ये बसवायच्या पाइपला वळण देण्याची क्रिया. होटगीसारख्या (ता. दक्षिण सोलापूर) गावातल्या घरबांधणीत हे काम बहुधा हातानेच होते. वायरमन पीव्हीसी पाइपात त्याच मापाची स्प्रिंग सरकवतो, पाइप गुडघ्याला टेकवतो आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढतो. हव्या कोनापेक्षा थोडे जास्तच वाकवावे लागते, कारण सोडताच पाइप जरा मागे फिरतो. स्प्रिंग न घालता घाई केली की आतली बाजू चेपते. चूक कळते ती तारा ओढताना, तोवर वर प्लास्टर झालेले असते. थंडीत पीव्हीसी कडक होऊन तडकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही अडचण नाही.

लोखंडी पाइपापुढे गुडघा चालत नाही. त्याला पाइपच्या मापाची खाच असलेला बेंडर, जाड पाइपाला हायड्रॉलिक बेंडर लागतो. शेजारच्या फताटेवाडीतील १,३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे समांतर पाइपांची वळणे एकसारखी हवीत, तिथे यंत्रच बरे. दोन खोल्यांच्या घराला तो बडेजाव कशाला? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमाप्रमाणे वळणाची त्रिज्या किमान ७.५ सेंमी असावी लागते आणि दोन पेट्यांदरम्यान चारपेक्षा जास्त काटकोनी वळणे चालत नाहीत.