फरशीकामाचा करार : चौरस फुटाच्या दरापलीकडे

घरातील जमिनीवर, स्नानगृहात किंवा स्वयंपाकघरातील ओट्यामागील भिंतीवर फरशी बसवण्याचे काम देशाच्या बहुतेक भागांत आजही स्थानिक कंत्राटदाराकडे तोंडी बोलीवर सोपवले जाते. चौरस फुटाचा दर ठरतो, काही रक्कम उचल म्हणून दिली जाते आणि काम सुरू होते. पुढे उद्भवणारे वाद बहुधा दराच्या आकड्यावरून नसतात. त्या दरात काय धरले होते आणि काय धरले नव्हते, यावरून ते होतात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो; मात्र तो सिद्ध करणे कठीण असते. त्यामुळे कामाचा तपशील कागदावर उतरवणे घरमालक व कारागीर या दोघांच्याही हिताचे ठरते.

दर आणि मोजमाप

दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीच्या जमिनीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट होते. तथापि भिंतीच्या पायथ्याशी बसवली जाणारी पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, चौरस फुटात न मोजता धावत्या फुटात मोजण्याची पद्धत आहे. या खोलीत दरवाजाची रुंदी वजा जाता ती सुमारे ४० धावते फूट भरते. तिचा उल्लेख नसेल तर अंतिम देयक अपेक्षेपेक्षा वाढते.

ओट्यामागील भिंतीच्या फरशीला कारागीर ‘डॅडो’ म्हणतात. दहा फूट लांब व दोन फूट उंच डॅडोचे क्षेत्रफळ २० चौरस फूट असते. त्यासाठी १८ इंच लांब व १२ इंच उंच फरशा आडव्या दोन ओळींत लावल्यास प्रत्येक ओळीत सात, म्हणजे एकूण १४ फरशा लागतात. त्यांचे क्षेत्रफळ २१ चौरस फूट होते. मजुरी बसवलेल्या क्षेत्रावर की वापरलेल्या फरशीवर, वीजजोडण्यांसाठी कापलेल्या जागेचे वेगळे पैसे किती, जुनी फरशी उखडणे, भिंत समतल करणे, सांधे भरणे, मलबा हलवणे आणि माल वरच्या मजल्यावर चढवणे ही कामे दरात समाविष्ट आहेत काय, हे आरंभीच लिहून घेणे आवश्यक आहे.

माल आणि चिकटद्रव्य

गुजरातमधील मोरबी हे देशातील सिरॅमिक फरशी उत्पादनाचे सर्वांत मोठे केंद्र आहे. एकाच नावाच्या फरशीच्या निरनिराळ्या उत्पादन-खेपांत रंगछटा व मापात किंचित फरक असू शकतो. म्हणून सर्व खोक्यांवरील खेप क्रमांक जुळवून पाहावा. सरळ मांडणीसाठी ५ ते १० टक्के आणि तिरक्या मांडणीसाठी त्याहून अधिक फरशी जादा घेण्याचा प्रघात आहे. उरलेल्या काही फरशा जपून ठेवल्यास पुढील दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडतात.

व्हिट्रिफाइड फरशी पाणी अत्यल्प शोषते. या गुणामुळे ती टिकाऊ ठरते. परंतु त्याच कारणाने साध्या सिमेंटच्या मालाशी तिची पकड कमकुवत राहते आणि कालांतराने ती सुटण्याचा संभव असतो. अशा फरशीसाठी विशेष चिकटद्रव्य वापरले जाते. भारतीय मानक ब्यूरोने फरशीसाठी आयएस १५६२२ आणि चिकटद्रव्यासाठी आयएस १५४७७ ही मानके निश्चित केली आहेत. चिकटद्रव्य सिमेंटपेक्षा महाग असल्याने कमी दराच्या बोलीत ते अनेकदा वगळलेले असते. दोन कंत्राटदारांच्या दरांची तुलना करण्यापूर्वी दोघांनीही तीच पद्धत गृहीत धरली आहे ना, याची खात्री करावी.

निवड, रक्कम आणि तपासणी

कंत्राटदाराने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले काम प्रत्यक्ष पाहणे हा पारखीचा विश्वसनीय मार्ग होय. नवे काम सर्वत्र चांगलेच दिसते; दोष काही पावसाळे गेल्यावर उघड होतात. सौदा ठरवणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष फरशी बसवणारा कारागीर निराळे असल्यास कामाची जबाबदारी कोणाची, हेही नमूद करावे.

रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतर द्यावा. त्याचबरोबर तपासणीचा दिवस आधीच ठरवावा. घरमालकाने देयक रोखून धरल्यास त्याची झळ बहुधा रोजंदारीवरील मजुराला बसते. स्नानगृहात फरशी बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर किमान २४ तास पाणी साठवून गळती पाहावी. काम पूर्ण झाल्यावर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे वाहते की कोपऱ्यात साचते, हे तपासावे. फरशीवर हलके ठोकल्यास पोकळ आवाज येणारी जागा खाली नीट भरलेली नाही, असे समजावे.

फरशी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते व ती दीर्घकाळ श्वासात गेल्यास फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. पाण्याचा वापर करून फरशी कापणे आणि योग्य मुखपट्टी पुरवणे, या अटी करारात असाव्यात.

तक्रार निवारण

मोबदला घेऊन काम पूर्ण करून देणारा कंत्राटदार सेवा पुरवतो. त्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. वैयक्तिक चाकरीचा करार मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे ठरलेले काम पूर्ण करून देण्याचा लेखी करार केलेला असणे महत्त्वाचे ठरते. तक्रार साधारणतः कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाखल करावी लागते. कंत्राटदार अन्यत्र निघून गेला असला, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क आकारले जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आयोगापुढे सही केलेले दरपत्रक, पावत्या आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे हेच घरमालकाचे प्रमुख पुरावे ठरतात. काम चोख करूनही पैसे अडलेल्या कारागिरालाही आपली बाजू मांडताना याच कागदांचा आधार मिळतो.