ध्वनिफितीची संथा

संथा या शब्दांत दोन मुखें आणि चार कान गृहीत धरलेले आहेत. वेदपाठशाळेंत गुरुजी एक चरण एकदां म्हणतात, शिष्य तो दोनदां म्हणतो, आणि स्वर चुकला कीं तेथल्या तेथें थांबविला जातो. पोथ्या झाल्या, छापखाने झाले, तरी हा शब्द मराठींतून गेला नाहीं. आज हिशेबतपासनीस किंवा डॉक्टर होऊं पाहणारा तरुण कानांत यंत्राचीं बोंडें घालून लोकलगाडीच्या गर्दींत उभा असतो, तोहि एक प्रकारची संथाच घेत असतो. मात्र या संथेंत बोलणारें मुख एकच; ऐकणाऱ्याचें मुख बंद. हें कसें घडलें, त्यांत काय मिळालें आणि काय गेलें, हें पाहण्यासारखें आहे. या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंतील कोळशाच्या खाणींत होतो.

पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील ॲव्हॉन्डेल येथील खाणीस बाहेर पडण्याची वाट एकच होती, आणि त्या वाटेच्या माथ्यावर लांकडी इमारत उभी होती. ६ सप्टेंबर १८६९ रोजीं तिला आग लागली आणि ११० माणसें प्राणांस मुकलीं. पुढल्याच वर्षीं तेथें खाणींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि १८८५ च्या कायद्यानें खाणींतील मुकादमास परीक्षा देऊन दाखला मिळविणें आवश्यक ठरलें. वायु कसा खेळवावा, स्फोटक वायु कसा ओळखावा, हें ज्यास कळत नाहीं त्याच्या हातीं इतरांचे प्राण देऊं नयेत, एवढाच या परीक्षेचा अर्थ. परवान्याची परीक्षा उमेदवाराच्या मोठेपणासाठीं नसते. जो तिऱ्हाईत त्याच्यावर विसंबणार असतो त्याच्यासाठीं ती असते. ही गोष्ट आम्ही येथें मुद्दाम सांगून ठेवतों, कारण शेवटीं तिच्याकडेच यावयाचें आहे.

या कायद्यानें खाणकऱ्यास एक दार उघडलें आणि त्याच वेळीं एक अडसरहि घातला. मालकाच्या मर्जीवांचून वर चढण्याचा मार्ग मिळाला खरा. पण दिवसभर जमिनीखालीं राबणाऱ्यानें शिकावें कोठें? टॉमस फॉस्टर नांवाचा एक पत्रकार खाणीच्या धंद्यासंबंधीं एक नियतकालिक चालवीत असे. त्यांत तो अशा उमेदवारांच्या प्रश्नांस उत्तरें देऊं लागला. त्यांतूनच १८९१ सालीं स्क्रॅन्टन शहरीं टपालानें शिकविणाऱ्या शाळेचा उगम झाला. पाठ टपालानें जात, उत्तरें टपालानें येत, आणि तपासून परत जात. गुरु दूर होता, पण त्यास विचारतां येत होतें.

ध्वनि साठविण्याचें यंत्र तोंवर निघालें होतें. एडिसननें फोनोग्राफ १८७७ सालीं सिद्ध केला, आणि १८७८ मध्यें एका मासिकांत त्याचे संभाव्य उपयोग सांगतांना, शिक्षकाचें विवरण जपून ठेवावें म्हणजे विद्यार्थ्यास हवें तेव्हां तें पुन्हां ऐकतां येईल, असा एक उपयोग नोंदविला. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्क्रॅन्टनच्या त्याच शाळेनें परभाषा शिकविण्यासाठीं मेणाच्या नळकांड्या वापरल्या. विद्यार्थी गुरुजींचे उच्चार ऐके, कोऱ्या नळकांडीवर स्वतःचे उच्चार उमटवून टपालानें पाठवी, आणि गुरुजी ते तपासीत. यंत्रास तेव्हां कानहि होता आणि तोंडहि होतें. संथेचा जुना धर्म तेथें पाळला जात होता.

परंतु त्या नळकांडीवर दोनच मिनिटांचें बोलणें मावे. व्याख्यान मावण्यास चुंबकीय फीत यावी लागली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा सर्वत्र प्रसार झाला. हिशेबतपासनिसांसाठीं पहिला कायदा न्यूयॉर्क संस्थानानें १८९६ सालीं केला होता; तेव्हांपासून त्या परीक्षेचें भय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें होतें. १९५७ सालीं न्यूटन बेकर यानें लॉस एंजेलिस येथें तिच्या तयारीचे वर्ग काढले. पुढें त्याचीं व्याख्यानें फितीवर उतरून दूरच्या शहरांत ऐकविलीं जाऊं लागलीं. १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें खिशांत मावणारी कॅसेट आणली आणि १९७९ मध्यें सोनीनें चालतां चालतां ऐकण्याचें यंत्र. वर्ग प्रथम दिवाणखान्यांत आला, मग मोटारींत, आणि अखेर कानांत.

ज्यांस दृष्टि नाहीं त्यांच्या बाबतींत तर आवाज हाच ग्रंथ होय. युद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांस महाविद्यालयीन शिक्षण घेतां यावें म्हणून १९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें स्वयंसेवकांनीं पाठ्यपुस्तकें वाचून तबकड्यांवर उतरविण्याचें काम आरंभिलें. आपल्याकडेहि मुंबईंत १९५२ सालीं स्थापन झालेल्या अंधांच्या राष्ट्रीय संस्थेनें पुढें बोलक्या पुस्तकांचें ग्रंथालय चालविलें. या उपकाराचें मोल करतां येणार नाहीं.

डोळसांसहि लाभ थोडा झाला नाहीं. ओक्लाहोमाचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड गोल्जन यांचीं व्याख्यानें संगणकाच्या युगांत वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्यें हातोहात फिरलीं, आणि अमेरिकेचा परवाना मिळवूं पाहणाऱ्या कितीएक भारतीय डॉक्टरांनीं तीं ऐकलीं. ज्याच्या वर्गांत पाऊल टाकण्याची शक्यता नव्हती, त्याचा आवाज लातुरच्या किंवा धुळ्याच्या खोलींत येऊं शकला. आवाजांत असें कांहीं असतें जें छापील पानावर उतरत नाहीं. शिक्षक कोठें थांबतो, कोठें आवाज उंचावतो, कोठें हंसून पुढें जातो, यावरून महत्त्वाचें काय हें श्रोत्यास समजतें. समजलें नाहीं तर तेंच वाक्य दहा वेळां ऐकावें. फितीला कंटाळा नाहीं.

पण तिला कानहि नाहींत. चुकीचें समजलेलें तीच फीत दहाव्यांदा अधिक पक्कें करते. याहून खोल दोष निराळाच आहे. परीक्षेसाठीं विकला जाणारा आवाज हळूहळू परीक्षेचाच होऊन जातो. 'हें जाणलें पाहिजे' याच्या जागीं 'हें विचारतात' असें तो म्हणूं लागतो. घाईंत असलेला श्रोता दीडपट वेगानें ऐकूं लागतो, आणि जें विचारलें जात नाहीं तें कोणी सांगतहि नाहीं, कोणी ऐकतहि नाहीं. खाणींतला वायु मात्र प्रश्नपत्रिका पाहून पेटत नाहीं.

या दृष्टीनें आपल्या सनदी लेखापालांची पद्धति विचार करण्याजोगी आहे. १९४९ च्या कायद्यानें त्यांची संस्था उभी राहिली, आणि परीक्षा कितीहि कठीण असली तरी एखाद्या जाणत्या लेखापालाच्या हाताखालीं उमेदवारी करण्याची अट तेथें आजहि कायम आहे. व्याख्यानें विद्यार्थी वाटेल त्या यंत्रावर ऐकतो. पण दिवसा कोणाच्या तरी टेबलासमोर वह्या घेऊन उभें राहावें लागतें, आणि तेथें चूक निघते. ही उमेदवारी नांवापुरती उरकली, तर राहील तो केवळ आवाज.

म्हणून ध्वनिफितीस नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. गरिबाच्या, दूरच्या आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या घरीं तिनें गुरु नेला. परंतु तिनें संथेचा अर्धाच भाग दिला आहे. उरलेला अर्धा, म्हणजे शिष्यानें म्हणून दाखविणें आणि कोणीतरी त्यास थांबविणें, हा ज्यांच्या हातीं परवाना देणें आहे त्यांनीं राखला पाहिजे. परवान्याचा कागद भिंतीवर लागतो तेव्हां त्याच्या भरंवशावर खाणींत उतरणारा माणूस दुसराच असतो, आणि त्यानें तें व्याख्यान ऐकलेलें नसतें.