घरभर वाय-फाय : अ‍ॅक्सेस पॉइंट कोठे आणि कसा बसवावा?

दिवाणखान्यात चित्रपट विनाव्यत्यय चालतो आणि आतल्या खोलीचे दार लावताच पडद्यावरील चेहरा गोठतो, हा अनुभव शहरांतील असंख्य घरांना परिचित आहे. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालय आणि शाळा दोन्ही घरात आल्यापासून ही अडचण करमणुकीपुरती राहिलेली नाही. नोकरीची मुलाखत, ऑनलाइन परीक्षा, डॉक्टरांचा सल्ला या गोष्टी आता अनेकदा त्याच आतल्या खोलीतून पार पडतात. अशा वेळी ग्राहक कंपनीकडे तक्रार नोंदवतो, किंवा शंभर एमबीपीएसची योजना सोडून तीनशेची घेतो. बिल वाढते, आतली खोली मात्र होती तशीच राहते. कारण बहुतेक वेळा उणीव घरापर्यंत येणाऱ्या जोडणीत नसते, ती राऊटर आणि त्या खोलीच्या मधल्या भिंतींत असते.

याची खातरजमा पाच मिनिटांत होऊ शकते. लॅपटॉप तारेने थेट राऊटरला जोडून वेग मोजावा. तेथे ठरलेला वेग मिळत असेल आणि शयनगृहात मिळत नसेल, तर योजना बदलण्यात अर्थ नाही.

वाय-फाय म्हणजे अखेर रेडिओ लहरीच. घरगुती उपकरणे मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या कंप्रतापट्ट्यांवर चालतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती एक-चतुर्थांश होते, आणि घर म्हणजे काही मोकळी जागा नव्हे. विटांची भिंत लहरींना क्षीण करते, सळयांचे काँक्रीट त्याहून अधिक. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेग अधिक देतात, पण भिंतीपुढे लवकर हार मानतात. मुंबई-पुण्याच्या नव्या उत्तुंग इमारतींत ‘मायवान’ पद्धतीने, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती उभारल्या जातात. अशा घरांत खोल्यांमधल्या भिंतीही काँक्रीटच्याच असल्याने जुन्या विटांच्या सदनिकेत पुरणारा राऊटर तेथे अपुरा ठरतो. पोलादी कपाट, मोठा आरसा, फ्रीज आणि पाण्याची टाकी हेही लहरींचे जुने वैरी आहेत.

त्यात भर पडते ती राऊटरच्या जागेची. फायबरची तार मुख्य दाराजवळून किंवा गॅलरीतून आत येते आणि जोडणी करणारा कामगार तेथल्याच कोपऱ्यात पेटी ठोकून मोकळा होतो. त्याच्या सोयीचा तो कोपरा लहरींच्या दृष्टीने बहुधा सर्वांत गैरसोयीचा असतो, कारण निम्म्या लहरी जिन्यात किंवा शेजाऱ्याकडे जातात. म्हणून कोणतीही खरेदी करण्यापूर्वी राऊटर घराच्या मध्याकडे, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि दूरचित्रवाणी संचाच्या मागून बाहेर आणून पाहावा. लहान सदनिकेत एवढ्यानेच काम भागते.

न भागल्यास ‘अधिक शक्तिशाली’ राऊटरचा मोह होतो. परंतु वाय-फाय हा दुतर्फी संवाद आहे. राऊटरचा आवाज मोठा झाला तरी मोबाइलचा तितकाच बारीक राहतो, आणि त्याचे उत्तर राऊटरला ऐकू येत नाही. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. दूरच्या खोलीतला मोबाइल रखडत बोलू लागला की त्याची पाळी लांबते आणि राऊटरशेजारी बसलेल्यांचाही वेग घटतो. आतल्या खोलीचे दुखणे असे साऱ्या घराचे होते.

दुसरा मोह रिपीटरचा. विजेच्या खटक्यात खोचले की झाले, हे त्याचे आकर्षण. एकच रेडिओ असलेला रिपीटर प्रत्येक संदेश आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनेलवर पुन्हा उच्चारतो. त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. मोबाइलवर पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि काम मात्र होत नाही. अनेक पेट्यांचे मिळून एकच जाळे करणारे ‘मेश’ संच यापेक्षा सरस आहेत, विशेषतः पेट्यांच्या आपसांतल्या संवादासाठी स्वतंत्र पट्टा असलेले. पण त्या संवादाच्या वाटेतही त्याच भिंती उभ्या असतात.

अ‍ॅक्सेस पॉइंटचा मार्ग वेगळा आहे. ही पेटी राऊटरला तारेने जोडलेली असते आणि तिच्या भोवतीच्या जागेत नव्याने वाय-फाय निर्माण करते. भिंत तार ओलांडते, लहरींना ओलांडावी लागत नाही. त्यामुळे रिपीटर अर्ध्या वाटेवर ठेवावा लागतो, तसा अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवण्याचे कारण नाही. जेथे गरज आहे त्याच खोलीत, शक्यतो छताजवळ तो बसवावा. दुमजली घरात वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंटच हिताचा. राऊटरच्या उभ्या अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात. त्या आडव्या दूरवर जातात, थेट वर फारशा जात नाहीत, आणि मध्ये स्लॅबही असतो.

खरे कष्ट तार नेण्याचे. लँडलाइनच्या काळात बांधलेल्या अनेक इमारतींत दूरध्वनीसाठी भिंतीतून स्वतंत्र नळी टाकलेली असते. ती आता बहुधा निरुपयोगी पडून असते, आणि जुन्या तारेलाच नवी बांधून ओढून घेतल्यास फोडाफोड टळते. विजेच्या २३० व्होल्टच्या तारांच्या नळीत मात्र ही तार कदापि घालू नये. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. नळी नसेल तर चौकटीच्या कडेने प्लास्टिकची पट्टी लावता येते. कॅट-५ई तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते, म्हणजे घरास ती पुरेशी आहे. नव्याने टाकायची तर कॅट-६ घ्यावी. तार शुद्ध तांब्याची असावी. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही मिळते. ती लवकर तुटते आणि त्याच तारेतून वीज पुरवायची असल्यास तापते. असा वीजपुरवठा, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, घेणारे अ‍ॅक्सेस पॉइंट सोयीचे ठरतात, कारण छताजवळ वेगळा खटका लागत नाही. वीज गेल्यावर राऊटर आणि ही पुरवठ्याची पेटी एकाच इन्व्हर्टरवर असली की साऱ्या घराचे वाय-फाय सुरू राहते.

नवी खरेदी नको असल्यास कपाटात पडलेला जुना राऊटरही हे काम करतो. अनेक राऊटरांत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असतो. नसल्यास तीन गोष्टी कराव्यात : त्याचा पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवावा, उपकरणांना पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करावी, आणि तार ‘वॅन’ ऐवजी ‘लॅन’ खाचेत लावावी. दोन राऊटर एकाच जाळ्यात पत्ते वाटू लागले की इंटरनेट कधी चालते, कधी नाही. आणि तार वॅनमध्ये गेली की इंटरनेट चालते, पण आतल्या खोलीतून बाहेरचा प्रिंटर सापडत नाही. आणखी एक खोच आहे. जुन्या राऊटरच्या खाचा अनेकदा १०० एमबीपीएसच्याच असतात. तीनशेची योजना तेथे शंभराच्या आत अडते, आणि दोष पुन्हा कंपनीला दिला जातो.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३) दोन्हीकडे सारखाच ठेवावा. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात वावरतात. दाट वस्तीच्या सोसायटीत हा पट्टा गजबजलेला असतो, म्हणून जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्झच वापरावा.

खोली बदलल्यावर कोणत्या पेटीशी जुळायचे, हे मुख्यतः मोबाइल ठरवतो. तो दिवाणखान्यातल्या राऊटरला चिकटून राहत असेल, तर राऊटरची प्रक्षेपणशक्ती कमी करावी. ऐकायला उलटे वाटते. पण दूरचा आवाज मंदावला की मोबाइल जवळचा शोधतो. अखेरीस प्रत्येक खोलीत दार लावून मोजमाप घ्यावे. अँड्रॉइड मोबाइलवरील मोफत अ‍ॅप लहरींची तीव्रता उणे आकड्यांत दाखवतात. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून शून्याजवळचा आकडा दृक्‌श्राव्य संवादास पुरतो. उणे ८० च्या आसपास संभाषण तुटू लागते, आणि तेथे पेटीची जागा हातभर सरकवून पुन्हा मोजावे.