धोटा, सूत आणि विटाळ

नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या या गिरणीचा इतिहास सांगताना नव्या यंत्रांचे कौतुक होते. यंत्राला विरोध करणारा कामगार मात्र अडाणी ठरतो. हे चित्र मला मान्य नाही.

विदर्भातील महार जाडेभरडे कापड विणत. गिरणीच्या कापडाने त्यांचा माग बसला आणि त्यांतले अनेक जण गिरणीतच कामाला लागले. ज्या यंत्राने धंदा बुडवला, त्याच यंत्रापाशी ते उभे राहिले. गावकीच्या भाकरीपेक्षा रोख मजुरी त्यांना माणूसपणाच्या अधिक जवळची वाटली असेल, तर नवल नाही.

परंतु विणकर असलेल्या या जातीला मुंबईच्या गिरण्यांत साळखाते बंद होते. कारण पुढे केले जाई ते धोट्याचे. कांडी संपली की विणकर नव्या कांडीचे सूत ओठांनी ओढून धोट्याच्या छिद्रातून काढी. अस्पृश्याच्या तोंडचे सूत सवर्ण कामगाराला विटाळ वाटे. खरी गोष्ट अशी की साळखात्यात मजुरी अधिक होती आणि दलित कामगार कमी मजुरीच्या रिंग खात्यात अडकला होता.

१९२८ साली मुंबईत सुमारे सहा महिने मोठा संप झाला. दोन मागांऐवजी एका विणकराने तीन माग चालवावेत, असा मालकांचा आग्रह होता. माणसे कमी होणार होती. तेव्हा विरोध रास्तच होता. पण साळखात्यातील बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घ्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुढाऱ्यांना बजावून सांगावे लागले. मागणी नाइलाजाने घेतली गेली. तेव्हा मालकांनी उत्तर दिले की या अन्यायाला आम्ही जबाबदार नाही. मालकांना हे म्हणण्याची सोय कामगारांतील जातीनेच करून दिली होती!

ओठ न लावता सूत ओवण्याचा धोटा तेव्हा जगाला ठाऊक होता. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली होती. लँकेशायरमध्ये मात्र ही बंदी यायला १९५२ उजाडले. तेथील विणकरांनाही हाताने सूत ओवणे नको होते. मजुरी कापडाच्या मापावर असल्याने गेलेला वेळ त्यांच्याच खिशातून जाई.

म्हणजे विरोधाची कारणे दोन प्रकारची असतात. एक पोटाचे, ते मजुरीची व नोकरीची हमी देऊन दूर करता येते. दुसरे वर्चस्वाचे, ते समजूत घालून जात नाही, मोडावेच लागते. धोटा बदलला असता तर विटाळाची सबब गेली असती, जात गेली नसती.

दोष यंत्राचा नाही, ते वापरणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले. म्हणून कामाच्या ठिकाणी नवे यंत्र आले की आपण विचारले पाहिजे: नोकरी कुणाची जाणार, आणि ते यंत्र शिकण्याची पहिली संधी कुणाला मिळणार?