चिपळूणचे जुने स्टेशन

चिपळूणच्या रेल्वे स्टेशनवर काहीतरी लिहा, असे आमची सूनबाई म्हणाली. पण मंडळी, आमचे स्टेशन म्हणजे कालचे पोर! कोकण रेल्वे सलग धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ पासून. त्याआधी पिढ्यान् पिढ्या चिपळूणचे स्टेशन होते ते गोवळकोटचे बंदर.

मुंबईची आगबोट दाभोळला यायची. तिथून लाँचमध्ये बसायचे आणि भरतीची वेळ साधून वाशिष्ठीच्या खाडीतून वर यायचे. गोविंदगडाच्या पायथ्याशी उतरले की सामान बैलगाडीत. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे माहेरवाशिणीची वाटही बंद.

हे बंदर कशाने संपले? बहुतेक जण एस.टी.चे नाव घेतात. ते खोटे नाही. १९४८ साली एस.टी. सुरू झाली, रस्ते सुधारले आणि उतारू हळूहळू तिकडे वळले. पण मला वाटते, खरा घाव त्याच्या कितीतरी आधी बसला होता, आणि तो रेल्वेने घातला होता. तोही चिपळूणला न येता!

गोवळकोट जगत होते ते कुंभार्ली घाटावर. देशावरचा कापूस, गूळ, मिरची घाट उतरून इथे यायची आणि गलबतांतून मुंबईला जायची. परतीच्या वाटेवर मीठ, नारळ, सुकी मासळी घाट चढायची. १८८०च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग पडू लागला. कराडच्या व्यापाऱ्याला मग घाट उतरायची गरज काय? मालाने वाट बदलली. आमच्या लहानपणी धक्क्यावर जी गडबड दिसायची, ती मावळतीची होती. आम्हाला ती भर दुपार वाटे, एवढेच.

बंदर गेले तशी नदीवरची नजरही गेली. ज्याची होडी गाळात रुतते, तो गाळाची ओरड करतो. होड्याच कमी झाल्यावर ओरडणार कोण? २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, माणसे गेली, दुकानेच्या दुकाने बुडाली. रेल्वे पुलाला पाणी लागले म्हणून गाड्याही थांबल्या. अतिवृष्टी होती, भरती होती, हे खरेच. पण नदीतल्या गाळाची गोष्ट सगळ्या गावाच्या तोंडी आली ती त्यानंतर. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या तांडेलाला नदी कुठे किती खोल आहे, हे तोंडपाठ असे.

चिपळूण-कराड रेल्वेची बोलणी कित्येक वर्षे ऐकतो आहोत. गाडी अजून धावलेली नाही. धावली तर आनंदच आहे. पण एक वाट उघडताना दुसरी बुजू देऊ नये, एवढे गोवळकोटवरून शिकावे.

असो. दाभोळच्या लाँचमध्ये बसलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि ऐकून लिहून ठेवा.